ओजसचं ग्राफिक्स कार्ड

“निशिकाका म्हणाला, सिक्स्टी नको. फिफ्टी पुरेल,” ओजस म्हणाला. समोरच्या लॅपटॉपच्या बटणांखाली लाल दिवे होते, त्यांवरून त्याची बोटं फिरत होती आणि नजर स्क्रीनवर होती. त्यामुळे हे ऐकताना माझा चेहरा कसा झाला ते त्याला दिसलं नाही.

“निशिकाका इथे आहे का?” मी विचारलं.

“नाही. पण मी विचारलं होतं त्याला.”

“मग आता मला विचार.”

त्याने वर बघितलं. नुकतीच मिसरूड फुटलेली, बारावीचा निकाल लागून आठवडा झालेला. “विचारतो की,” तो म्हणाला. “सांगा ना बाबा.”

पुण्यात टिळक रस्त्यालगतच्या एका गल्लीत, तळघरातलं दुकान होतं ते. रविवार असल्यामुळे गर्दी होती. आम्हाला लॅपटॉप दाखवणारा अक्रम नावाचा तरतरीत तरुण दोन पावलं मागे उभा राहून आमचं ऐकत होता.

निशिकाका म्हणजे निशिकांत देवधर. माझी आधीची बायको मीनल, तिचा नवरा. ओजस चौथीत असताना मीनल आणि मी वेगळे झालो. ती त्याला घेऊन पुण्याला आली, आणि पुढे तिने निशिकांतशी लग्न केलं. मी कऱ्हाडलाच राहिलो, शाळेत चित्रकला शिकवत. ओजस दिवाळीत आठवडाभर आणि मे महिन्यात पंधरा दिवस माझ्याकडे यायचा. भांडण कुणाचं कुणाशी नव्हतं. निशिकांत सॉफ्टवेअर कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता. पीत नव्हता, आवाज चढवत नव्हता, पालकसभा चुकवत नव्हता. त्याच्यात खोट काढावी म्हटलं तर सापडत नव्हती, आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त राग होता.

आमच्या मेनकुदळ्यांच्या घरात वडिलांना अहो-जाहो करायची रीत. ओजसला ती मीच लावली होती. पण निशिकांतला तो अरे-तुरे करायचा. मी फोन केला की कधीकधी मागून ऐकू यायचं, “ए काका, माझा टॉवेल कुठंय?” मला माझ्या मुलाने टॉवेल कुठे आहे म्हणून कधी विचारलं नव्हतं. कऱ्हाडला येताना तो आपला टॉवेल बॅगेत घालून आणायचा.

बारावीच्या परीक्षेआधी मी त्याला विचारलं होतं, पास झालास की काय घेऊ. तो म्हणाला, “गेमिंग लॅपटॉप हवाय. पण तो महाग असतो बाबा. निशिकाका म्हणाला, तो बघेल.”

“मी घेणार,” मी म्हटलं. सत्तर हजारापर्यंत घेऊ, असंही म्हणून बसलो. गेमिंग लॅपटॉप कशाशी खातात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी रोहिदासकडे गेलो. रोहिदास माझा जुना विद्यार्थी. माझ्या तासाला त्याने दोन वर्षं डोंगरामागून उगवणाऱ्या सूर्याखेरीज दुसरं काही काढलं नाही, पण बसस्थानकामागे त्याचं कॉम्प्युटरचं दुकान मात्र छान चाललं होतं.

“सर, गेमिंगमध्ये सगळी मदार ग्राफिक्स कार्डावर,” तो म्हणाला. “स्क्रीनवर जे चित्र हलतं ना, ते हा भाग काढतो. बाकीचं सगळं नंतर वाढवता येतं. लॅपटॉपचं कार्ड मात्र बदलता येत नाही. आज जे घ्याल ते शेवटपर्यंत.”

चित्र काढणारा भाग म्हटल्यावर मला जरा धीर आला. माझाच विषय होता.

“मग कुठलं घ्यावं?”

“तुमच्या बजेटात टेन-फिफ्टी येतं. पोरं नुसतं फिफ्टी म्हणतात. चांगलं आहे. त्याच्या वरचं टेन-सिक्स्टी. ते बजेटच्या बाहेर जातं, पण फरक बघा.” त्याने दोन मशिनांवर एकच गेम लावला. “गवताकडे लक्ष द्या.”

मी गवताकडे लक्ष दिलं. फिफ्टीतलं गवत हलत होतं. सिक्स्टीतलं गवत वाऱ्यावर हलत होतं, पातं न् पातं वेगळं.

“रोहिदास, एखादा सॉफ्टवेअरवाला असेल, त्याच्याकडे साधारण कुठलं कार्ड असतं?”

“त्यांच्याकडे ऑफिसने दिलेला डबा असतो सर. त्यात कसलं कार्ड नि काय.”

हे ऐकून मला फार बरं वाटलं.

त्यानंतर महिनाभर मी अभ्यास केला. जेवताना ताटाशेजारी मोबाइल उभा करून व्हिडिओ बघायचो. फ्रेम म्हणजे काय, मेमरी किती लागते, पंखे कसे असतात, सगळं पाठ केलं. मुलांची एलिमेंटरीची चित्रं तपासताना डोक्यात आकडे फिरायचे. सुट्टीतले वर्ग वाढवून वरच्या पैशांचीही तजवीज केली. मला फक्त एवढंच हवं होतं, की ओजसने दुकानात एकदा थक्क होऊन माझ्याकडे बघावं आणि म्हणावं, बाबा, तुम्हाला हे कसं काय माहीत?

तेव्हा त्या तळघरात मी घसा साफ केला आणि सांगायला लागलो. “सिक्स्टीच घ्यायचं. त्यात सहा जीबी मेमरी आहे, फिफ्टीत चारच. दोन वर्षांनी नवे गेम चारमध्ये बसायचे नाहीत. आणि कार्ड नंतर बदलता येत नाही, म्हणून आत्ताच वरचं घेतलेलं बरं.”

“सर अगदी बरोबर बोलतायत,” अक्रम म्हणाला.

ओजसने मान हलवली. “हो, हे निशिकाकानं पण सांगितलं होतं. पण तो म्हणाला, कमी पैशांत सिक्स्टी दिलं की कंपनी बाकी सगळीकडे हात आखडते. मग लॅपटॉप तापतो. आणि कोडिंगला एवढं मोठं कार्ड लागत नाही.”

“तुला कोडिंग करायचंय?”

तो क्षणभर घुटमळला. “तो म्हणतो, मला जमेल.”

“आणि खेळायचं कशावर? तू मला गेमिंग लॅपटॉप मागितलास ना?”

“खेळणार आहेच. पण बाबा, तुम्ही बजेट सांगितलं होतं. हा त्याच्यावर जातोय.”

“मी सोय करून आलोय.”

“नको ना, उगाच. वरचे लागले तर निशिकाका देतो म्हणालाय.”

त्याने ते सरळ मनाने सांगितलं होतं, हे मला आज कळतं. तेव्हाही कळत होतं. तरी माझ्या अंगाची लाही लाही झाली.

“त्याचा एक रुपया या लॅपटॉपला लागणार नाही,” मी म्हटलं.

अक्रम वळला आणि शेजारच्या टेबलावरचे माउस एका रांगेत लावू लागला.  ओजसने खिशातून फोन काढला. “एकदा त्यालाच विचारू या का? मग ठरवा तुम्ही.”

मी नको म्हणायच्या आत फोन लागलाही होता, आणि ओजसने तो स्पीकरवर टाकला.

“ए काका, आम्ही दुकानात आहोत. बाबा सिक्स्टीचं म्हणतायत.”

“कुठल्या मॉडेलमध्ये?” निशिकांतचा आवाज आला. ओजसने सांगितलं. पलीकडून निशिकांत हसला. “तंदूर.”

“तंदूर ना? मला वाटलंच,” ओजसही हसला. खांदे उडवत, पोटातून.

हा त्यांच्यातला काहीतरी जुना विनोद होता. तापणाऱ्या लॅपटॉपला ते तंदूर म्हणत असावेत. एवढीशी गोष्ट. पण ओजस माझ्याबरोबर असा कधी हसला होता ते मी आठवू लागलो आणि मला पटकन काही आठवेना. मी हात पुढे करून फोन घेतला.

“निशिकांतराव, नमस्कार. मेनकुदळे बोलतोय.”

“नमस्कार सर, नमस्कार. कसे आहात?”

“बरा आहे. त्या लॅपटॉपला दोन पंखे आहेत. तापायचा प्रश्न येत नाही.”

“पंखे दोन असले तरी आतली उष्णता बाहेर नेणारी नळी एकच आहे सर त्यात. खेळताना तासाभराने कार्ड स्वतःच दम खातं. सिक्स्टीचे पैसे द्यायचे आणि काम फिफ्टीचं मिळायचं, असं होतं.”

नळीचं मला माहीत नव्हतं. कुठल्या व्हिडिओत कुणी नळीचं बोललं नव्हतं. “ते प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कसं सांगता येईल?” मी म्हटलं.

“ते खरंच. मी इथे डेक्कनलाच आहे. येऊन जाऊ का? फोनवर नीट सांगता येत नाही.”

“ये ना काका,” ओजस माझ्या खांद्यावरून म्हणाला.

निशिकांत पंधराएक मिनिटांत आला. एका हातात हेल्मेट, पायात साध्या चपला, घाईत आल्यासारखा शर्ट अर्धा बाहेर. मी त्याला त्याआधी दोनदाच भेटलो होतो, दोन्ही वेळा कुणाच्या तरी लग्नात, लांबून. तो जिना उतरून उजेडात आला आणि त्याने बोटाच्या पेराने चष्मा वर सरकवला. माझ्याशेजारी उभ्या ओजसनेही त्याच वेळी बोटाच्या पेराने चष्मा वर सरकवला. ओजसला चष्मा पुण्यात लागला. ती लकब त्याने कुठून उचलली ते मला त्या घटकेला समजलं.

अक्रमच्याही ते नजरेला आलं. तो पुढे होऊन निशिकांतला म्हणाला, “या सर, या. मुलगा अगदी तुमच्यावर गेलाय.”

निशिकांतने चटकन माझ्याकडे बघितलं. अक्रमला आपलं काय चुकलं ते कळेना. तो एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला.

“नाही, नाही,” निशिकांत म्हणाला. “वडील हे. मेनकुदळे सर. मी आपला ओळखीचा.”

“ओळखीचा?” ओजस म्हणाला.

“अरे, म्हणजे…”

“ओळखीचा काय?” त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

निशिकांतने माझी जागा मला परत द्यायला म्हणून ते म्हटलं होतं. चांगल्या माणसाने दुसरं काय करावं? पण माझा मुलगा त्याच्याकडे बघत होता, आणि त्याला लागलं होतं. माझ्यासाठी नव्हे. त्या माणसाने स्वतःला ओळखीचा म्हणवून घेतलं, म्हणून. अक्रमने निशिकांतला त्याचा बाप ठरवलं तेव्हा मला जेवढं टोचलं, त्याच्या कितीतरी पट हे टोचलं.

“बरं, मशिन बघू या,” मी म्हटलं.

अक्रमने दोन लॅपटॉप शेजारी शेजारी लावले. एकात सिक्स्टी, एकात फिफ्टी. दोन्हींवर तोच गेम. “सर, गवत बघा,” तो म्हणाला. सगळीकडे गिऱ्हाइकाला गवतच दाखवायचं असं ठरलेलं असावं.

मी म्हटलं, “बघा निशिकांतराव. फरक दिसतो की नाही?”

“दिसतो. पण हे पाच मिनिटांचं झालं.”

“मग तासभर थांबू. मला घाई नाही.”

“सर, गवत बघायला लॅपटॉप घेत नाही कुणी.” त्याच्या आवाजाला पहिल्यांदाच धार आली. “त्याला चार वर्षं इंजिनियरिंग करायचंय. रोज पाठीवर टाकून न्यायचंय. हा अडीच किलोचा धोंडा आहे, बॅटरी दोन तास टिकत नाही.”

“त्याने मागितला तो खेळायला. मी त्याला शब्द दिलाय.”

“तो काहीही मागेल. सतरा वर्षांचा आहे.”

“माझा मुलगा काहीही मागत नाही. आठ वर्षांत त्याने माझ्याकडे हे एक मागितलंय.”

“सर, तुम्ही त्याला वर्षातले तीन आठवडे बघता. मी रोज बघतो. अभ्यासाला बसवतो, झोपेतून उठवतो. मला माहीत आहे त्याला काय लागतं ते.”

“बघताय ना रोज?” मी म्हटलं. “तेच म्हणतोय मी. तुम्ही रोज बघताय.”

  दोन्ही स्क्रीनवरचं गवत हलत राहिलं. अक्रमने घड्याळात बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, “सर, तो मुलगा कुठे गेला?”

ओजस आमच्या शेजारी नव्हता. आम्ही दोघांनी एकदमच मागे वळून बघितलं. तो दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, पार कोपऱ्यात, एका करड्या रंगाच्या साध्या लॅपटॉपपुढे उकिडवा बसला होता. त्याला लाल दिवे नव्हते की झाकणावर कसलं चित्र नव्हतं.

“त्याला गिऱ्हाईक नाही सर,” अक्रम म्हणाला. “गेमिंगचाच आहे, पण दिसायला ऑफिसचा वाटतो. पोरांना आवडत नाही.”

आम्ही जवळ गेलो. ओजसने त्याला आपला पेनड्राइव्ह लावला होता. स्क्रीनवर एक डोंगर होता. मी तो बघितला मात्र, आणि तिथेच थांबलो. आमच्या कऱ्हाडजवळचा आगाशिव होता तो. संध्याकाळची वेळ. लेण्यांच्या दारांत काळोख साचलेला, वर चढणाऱ्या वाटेवर तांबडी माती, आणि उतरतं ऊन फक्त एका बाजूच्या खडकावर पडलेलं. ओजसने बोट फिरवलं तसा तो डोंगर हळूहळू आमच्याभोवती फिरला. मध्येच अडखळला, पुन्हा फिरला. दर मे महिन्यात मी ओजसला तिथे चित्रं काढायला न्यायचो. तो कंटाळतो असं मला वाटायचं. तो एखादं चित्र अर्धवट काढायचा आणि मग नुसता बसून राहायचा.

“हे काय आहे?” निशिकांतने विचारलं.

“गेमसाठी केलंय. माझा एक मित्र कोड लिहितो, मी जागा करतो. डोंगर, घरं, झाडं.”

“कधी केलंस?”

“शनिवारी. आपलं खेळून झालं की.”

“मला दाखवलं नाहीस कधी.”

“यात कोड नाहीये ना काका,” ओजस म्हणाला.

निशिकांतने हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

ओजस माझ्याकडे वळला. “बाबा, ही माती बघा. हा लाल.”

मी बघितला. गेरूत किंचित हळद मिसळावी तसा, ऊन पडलं की होतो तसा.

“आता इकडे या.” त्याने पेनड्राइव्ह काढला आणि आम्हाला आमच्या त्या दोन लॅपटॉपांकडे नेलं. सिक्स्टीवाल्यावर तोच डोंगर उघडला. इथे तो अजिबात अडखळला नाही, झरझर फिरला. पण माती मेली होती. विटेची पूड पाण्यात कालवल्यासारखा फिका, आजारी रंग, आणि ऊन पांढरट. फिफ्टीवाल्यावरही रंग तसाच.

“दिसला?” त्याने विचारलं.

“दिसला.”

“तुम्ही एवढं सगळं सांगितलंत. मेमरी, पंखे, फ्रेम. रंगाचं काहीच बोलला नाहीत. मी वाट बघत होतो. मला वाटलं, दुकानात आल्यावर तुम्ही आधी स्क्रीनच बघाल.”

चित्रकलेचा मास्तर मी. दोन तास त्या स्क्रीनसमोर उभा होतो, आणि गवताची पाती मोजत होतो. ते गवत कुठल्या हिरव्या रंगाचं होतं हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

अक्रमने करड्या लॅपटॉपची चिठ्ठी वाचली. “यात फिफ्टीच आहे. स्क्रीन मात्र भारी टाकलीय कंपनीने. किंमत तुमच्या बजेटात बसते.”

“फिफ्टी,” निशिकांत म्हणाला. त्याला हायसं वाटलं होतं, ते लपलं नाही. “म्हणजे कोडिंगला अगदी…”

“काका, कोडिंग नाही,” ओजस म्हणाला. चष्मा काढून तो शर्टाला पुसत होता. “मला इंजिनियरिंगला नाही जायचं. अ‍ॅनिमेशनला जायचंय.”

“हे कधी ठरवलंस?”

“बरेच दिवस झाले.”

“आईला माहीत आहे?”

“नाही. आधी तुला सांगणार होतो. मग तू तिला सांगितलं असतंस.”

आधी तुला. माझा मुलगा माझ्या वाटेने निघाला होता, माझ्या डोंगराची माती घेऊन निघाला होता, आणि तरीही ते आधी मला सांगणार नव्हता. त्या क्षणीसुद्धा माझ्या मनाने ते बरोबर टिपून घेतलं.

मग मी निशिकांतकडे बघितलं. तो अजून स्क्रीनवरच्या आगाशिवकडे बघत होता. तिथे तो कधी गेला नसणार. त्याने नजर उचलून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय आहे हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आठ वर्षं दाढी करताना मी तीच नजर आरशात बघत होतो. त्याने या मुलाला शाळेत सोडलं होतं, तापात उशाशी बसला होता, दर शनिवारी त्याच्याबरोबर खेळला होता, आणि मुलगा खेळ संपला की आपल्या बापाचा डोंगर रंगवायला बसत होता. जे आपलं म्हणून जपावं, त्यातच दुसऱ्याचं काहीतरी निघतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण ती नजर समोर असताना तो फार वेळ धरून ठेवता येईना.

“ओजस,” मी म्हटलं, “चित्रकलेत काय आहे रे? माझ्याकडे बघ जरा.”

“तुमच्याकडे बघूनच तर चाललाय तो,” निशिकांत म्हणाला. टोमणा नव्हता तो. त्याने ते फक्त सांगितलं.

“यात तुझा डोंगर अडखळतोय,” मी ओजसला म्हटलं.

“अडखळू दे. वेळ लागेल एवढंच. रंग खोटा दिसला तर काय उपयोग?”

करडा लॅपटॉप घेतला. पैसे मी दिले. निशिकांत त्या वेळी मुद्दाम बाहेर जाऊन उभा राहिला.

पुढचं थोडक्यात सांगतो. मीनलने महिनाभर घर डोक्यावर घेतलं. तिला समजावलं ते निशिकांतने, मी नाही. ओजस अ‍ॅनिमेशनला गेला, आता हैदराबादला असतो, गेमसाठी गावं आणि डोंगर करतो. लहान कार्ड त्याला दोन वर्षांत कमी पडायला लागलं, हे मी सांगितलं होतं तसंच झालं. तो लॅपटॉप तापायचाही नाही, हे निशिकांतने सांगितलं होतं तसंच झालं. आमच्या दोघांचाही अभ्यास बरोबर होता म्हणायचा.

त्या दिवशी ओजस लॅपटॉपचं खोकं मांडीवर घेऊन रिक्षाने घरी गेला. मी स्वारगेटला निघालो, तर निशिकांत म्हणाला, “बसा सर, सोडतो.” मी नको म्हणायला हवं होतं. पण मी त्याच्या स्कूटरवर मागे बसलो. वाटेत सिग्नलला गाडी थांबली की दोघंही सरळ समोर बघायचो.

स्टँडवर कऱ्हाडची गाडी लागलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता. निशिकांतने स्कूटर बाजूला घेतली आणि हेल्मेट काढून तो उभा राहिला. मीही उतरून उभा राहिलो. ओजसबद्दल मी या माणसाला आजवर एक प्रश्न विचारला नव्हता. त्याची तब्येत, शाळा, मार्क, सगळं मीनलला विचारायचो, नाहीतर ओजसलाच. या माणसाला विचारायचं म्हणजे याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे हे कबूल करायचं.

“निशिकांतराव,” मी म्हटलं, “ओजस अजून झोपेत बोलतो का?”

त्याने चमकून माझ्याकडे बघितलं. “बोलतो. खूप बोलतो. तुम्हाला… म्हणजे, तिकडेही बोलायचा?”

“तीन वर्षांचा होता तेव्हापासून.”

“मला वाटायचं, इकडे आल्यावर सुरू झालं. नवीन घर, नवीन माणूस, म्हणून असेल. मीनलला कधी विचारलं नाही मी. म्हटलं, माझ्यामुळे असलं तर काय करायचं?”

“तुमच्यामुळे नाही. माझी आई बोलायची तशी.”

त्याने हेल्मेट स्कूटरच्या सीटवर ठेवलं. “काय बोलायचा?”

“लहानपणी बहुतेक मांजरीशी भांडायचा. आता काय बोलतो?”

“परवा भूगोलाच्या बाईंना सांगत होता, नकाशा मीच काढणार म्हणून,” निशिकांत म्हणाला. बोलता बोलता तो हसायला लागला, आणि मग आठवून आठवून एकेक सांगत गेला.

कंडक्टरने शेवटची हाक दिली. मी त्याला हात हलवून सांगितलं, जाऊ दे, मी मागच्या गाडीने येतो.